कुडापलीकडचं मुसळ

मंडालेच्या त्या गल्लीत ऊ फो थितच्या कानाला सगळेच दबून असत, आणि त्याला ते फार आवडत असे. पत्तला, म्हणजे काठीने वाजवायचं बांबूचं वाद्य, करावी ती त्यानेच. सागाची होडीसारखी पेटी, तिच्यावर दोरीत ओवून टांगलेल्या बांबूच्या पट्ट्या, डावीकडे लांब आणि खर्जाच्या, उजवीकडे आखूड होत गेलेल्या, वरच्या सुरांच्या. बांबू तो स्वतः निवडून आणी, चुलीवरच्या माळ्यावर काही वर्षं धुरात मुरवी, मग पट्ट्या फाडून पोटाकडून तासत बसे. मधोमध तासलं की सूर उतरतो, टोकाला तासलं की चढतो. विद्या एवढीच. पण कुठे थांबायचं ते ओळखायला कान लागतो, आणि असा कान सगळ्या गावात एकच आहे, हे तो चहाच्या दुकानात रोज एकदा तरी सांगायचाच.

खरी गोष्ट अशी की उजवीकडच्या शेवटच्या पट्ट्या त्याला ऐकू येईनाशा होऊन बराच काळ लोटला होता. काठी बांबूवर आपटल्याचं कळे, सूर मात्र नाही. ज्या दिवशी हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी तो न जेवता झोपला होता. दुसऱ्या दिवशी त्याने हे बायकोला सांगितलं, आणि नंतर कोणालाही नाही.

बायको दॉ ओन यी. तिचा कान असा की शेजारच्या घरात कोणाच्या पातेल्याला चीर गेली तर तिला इकडे कळावं. पुढे कामाची ओसरी, मागे स्वयंपाकघर, मध्ये बांबूच्या तट्ट्याचा कूड, आणि खालची फळ्यांची जमीन एकच. त्यावर दोघांनी युक्ती काढली. ऊ फो थितने पट्टी वाजवायची आणि दॉ ओन यीने कुडापलीकडून मुसळाने सांगायचं. उखळात एक ठोका पडला तर मध्ये तासायचं, दोन पडले तर टोकाला. काहीच नाही पडलं तर जमलं. मुसळाचा धप्प आवाज त्याला नीट ऐकू यायचा, शिवाय फळीतून बुडालाही लागायचा. समोर गिऱ्हाईक बसलेलं असलं की स्वारी डोळे मिटून, मान तिरकी करून, सूर आत जिरवत असल्यासारखी बसे. लोक म्हणत, काय तंद्री लागते माणसाची! तंद्री कसली, मुसळाची वाट बघणं चाललेलं असे.

सण तोंडावर आला आणि वाद्यमेळाचे म्होरके ऊ हान तुन यांनी निरोप पाठवला की आमच्या पत्तलेच्या वरच्या पट्ट्या तुम्ही माझ्यासमोर लावा, मला बघायचंय. ऊ फो थित फुगला. त्याच संध्याकाळी चहाच्या दुकानात, आंबवलेल्या चहापानांची कोशिंबीर चघळत कोणीतरी या सयाला, म्हणजे उस्तादाला, विचारलं, "सया, तुमच्या घरात वहिनींचाही कान चांगला आहे म्हणे?"

"बाईमाणसाला सुरातलं काय कळतं?" हा म्हणाला. "भात करपल्याचा वास कळला तरी पुष्कळ झालं!"

सगळे हसले. हे वाक्य त्याच्या आधी घरी पोचलं. दॉ ओन यीने मुकाट्याने पान वाढलं. ती काही बोलली नाही म्हणून त्याला हायसं वाटलं. इतका संसार करूनही हा माणूस असा कोरा राहिला कसा, कोण जाणे.

सकाळी ऊ हान तुन रेशमी लुंगी नेसून आले आणि मांडी ठोकून बसले. ऊ फो थितने शेवटची पट्टी वाजवली, डोळे मिटले. धप्प. त्याने मध्ये एक सालपट काढलं. पुन्हा वाजवली. धप्प धप्प. टोकाला काढलं. धप्प. मध्ये. धप्प धप्प धप्प. आता तीन ठोक्यांचा अर्थ काय लावायचा? त्याने मध्येही काढलं आणि टोकालाही काढलं. पण पलीकडे मुसळ थांबेचना. हातातली पट्टी पापडासारखी झाली. थांबावं तर पाहुणा विचारणार, कशासाठी थांबलात?

एकदाचं मुसळ थांबलं. ऊ फो थितने सुटकेचा श्वास सोडला आणि काठी पुढे केली. "घ्या सया, तुम्हीच बघा."

ऊ हान तुननी वाजवली, डोळे मिटले, मान हलवली. "वा! अगदी देवळातल्या घंटेसारखी."

कुडामागून हसू फुटलं. दॉ ओन यी मुसळ घेऊनच बाहेर आली. "घंटा? ओली चप्पल आपटावी तशी वाजतेय ती!"

"वहिनी, पस्तीस वर्षं मी मेळात..."

"झांजांच्या मधोमध बसलात, म्हणूनच तर! बाजारात तुमची बायको सांगत होती, किटलीचं झाकण थडथडून थडथडून पाणी आटलं आणि तुम्ही शेजारी पेपर वाचत होता."

ऊ हान तुनचा चेहरा उतरला. ऊ फो थित बायकोकडे वळला. "मग ते ठोके गं?"

"सुकट कुटत होते. सणाला चटणी नको? बाईमाणसाला सुरातलं काय कळतं, कुटण्यातलं कळतं."

ऊ फो थितला कळून चुकलं. संपलं, आता गावभर होणार. ज्या कानावर आयुष्य काढलं तो गेला हे आज परक्यासमोर उघडं पडलं, आणि तेही आपल्याच जिभेमुळे. त्याला खरोखर रडू यायला लागलं. तेवढ्यात पाहुणे पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "तुमच्या किती पट्ट्या गेल्या?"

"शेवटच्या पाच."

"माझ्या सात," ऊ हान तुन म्हणाले, आणि दोघेही खो खो हसत सुटले. मग त्यांनी एकमेकांना शपथा घातल्या. मी बोलणार नाही, तुम्ही बोलू नका.

"मी मात्र बोलणार," दॉ ओन यी म्हणाली. "नाहीतर तुम्ही सांगा. त्याच दुकानात, तसंच मोठ्याने."

संध्याकाळी ऊ फो थित गेला आणि त्याने सांगितलं. वरचे सूर मला ऐकू येत नाहीत, ते ती लावते. लोक पोट धरून हसले. "काय थट्टा करता सया!" त्याने पुन्हा सांगितलं, घसा ताणून. त्यांनी त्याच्यासाठी आणखी एक चहा मागवला. चहा तसाच टाकून तो घरी आला, बांबू फाडायचा कोयता घेतला आणि मधल्या कुडाच्या दोऱ्या कापायला लागला.

"अहो, धूर येईल की पुढे!"

"येऊ दे."

तट्ट्या खाली पडला. स्वयंपाकघर गल्लीतून सरळ दिसायला लागलं. दॉ ओन यीने माळ्यावरचा एक काळपट बांबू उतरवला, मुसळाने वाजवून पाहिला आणि त्याच्या पुढ्यात ठेवून चटईवर त्याच्या शेजारी बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातून काढलेली नवी पट्टी त्याने वाजवली. रस्त्यावरून जाणारे थांबले. तिने त्याच्या गुडघ्यावर बोटाने एकदा ठोकलं.

"मध्ये?" त्याने विचारलं.

"मध्ये," ती म्हणाली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.