डोकेबाईंची सही

गाड्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे डोकेबाई म्हणत. आडनाव डोके नव्हतं. चोवीस वर्षं त्या एकच काम करत होत्या: गाडीत बसलेल्या माणसाचं डोकं आणि वरचं छत यांच्यात किती जागा उरते ते मोजायचं, आणि पुरेशी उरत असेल तर कागदावर सही करायची. त्या सहीशिवाय गाडीचं डिझाइन पुढे सरकत नसे. एवढा अधिकार हातात असलेल्या बाईचा लोकांना धाक वाटायला हवा. प्रत्यक्षात लोकांना त्यांचा कंटाळा यायचा, आणि त्यांना लोकांचा.

सगळ्यात जास्त कंटाळा यायचा तो मुख्य डिझायनरांचा. बाईंनी त्यांचं नाव रेषामहर्षी ठेवलं होतं, अर्थात मनातल्या मनात. पण बाईंच्या मनातलं चेहऱ्यावर उमटायला वेळ लागत नसे, त्यामुळे ते महर्षींनाही ठाऊक असावं. दर बैठकीत महर्षी हवेत हात फिरवून म्हणत, "गाडी उभी असली तरी पळतेय असं वाटलं पाहिजे." एकदा बाई म्हणाल्या, "आणि पळत असली तरी आतला माणूस बसलाय असं वाटलं पाहिजे." कोणी हसलं नाही. महर्षींनी हात खाली घेतला आणि पुढच्या बैठकीत पुन्हा वर केला.

साध्या गाड्यांशी बाईंचं वैर नव्हतं. चार दारं, सपाट छत, माणसं सुखाने बसतात, सही करा आणि घरी जा. जीव खायची ती कूपे. दोन दारांची, बसकी, रुंद खांद्यांची गाडी. हिचं छत समोरच्या काचेवर चढतं न चढतं तोच उतरायला लागतं, ते थेट शेपटीपर्यंत. मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर छत नसतंच, तिरकी काच असते. वाऱ्याची चाचणी घेणारे साहेब म्हणत, छत जितकं खाली तितका वारा कमी अडतो. इंजिनवाले म्हणत, वजन जितकं जमिनीजवळ तितकी गाडी वळणावर घट्ट राहते. सगळ्यांचं म्हणणं खरं होतं, आणि सगळ्यांच्या खऱ्याची किंमत मोजायची ती मागच्या माणसाच्या डोक्याने.

या मागच्या सीटला धंद्यात 'दोन अधिक दोन' म्हणतात. पुढे दोन माणसं, मागे दोन. शाळेत दोन अधिक दोन चार होतात. कूपेत ते दोन होतात, आणि उरलेल्या दोघांनी आपापली डोकी घरी ठेवून यायचं असतं. हे बाईंनी इतक्यांदा सांगितलं होतं की आता त्यांनी "दोन" म्हटलं की लोक घड्याळाकडे बघत.

बरं, बाईंना गाडी आवडत नसती तर गोष्ट सोपी होती. पण आवडायची. नवीन कूपेचा मातीचा नमुना पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या दहा मिनिटं त्याच्याभोवती फिरत होत्या. मागच्या चाकावरून उठून दिव्यात विरणारी ती रेघ बघून त्यांना महर्षींचा रागच आला. एवढं सुंदर करता येतं, मग माणसाला बसू द्यायला काय जातं?

नियम असा होता की मागच्या सीटवर बसलेल्याचं डोकं आणि काच यांत निदान चाळीस मिलिमीटर हवेत. नवीन कूपेत बावीस होते. अठरा कमी. बाईंनी कागद परत पाठवला. आठवड्याने कागद पुन्हा आला, त्यावर बरोबर चाळीसचा आकडा. छताची रेघ मात्र जिथल्या तिथे.

बाईंनी कपाळाला हात लावला. जागा काही आभाळातून पडत नाही. ती कुठूनतरी चोरावी लागते.

मोजणीसाठी खात्यात एक धातूचा माणूस होता. पाठ, कंबर, मांड्या आणि वर डोक्याचा दांडा. त्याला दोघांनी उचलून सीटवर नेमकं बसवायचं, मग त्याच्यावरून मापं घ्यायची. त्याचं नाव जावई. एवढं सांभाळून बसवावं लागतं म्हणून ते नाव पडलं होतं, पण बाईंच्या मते चुकीचं होतं, कारण हा कधी तक्रार करत नसे. कूपेच्या लाकडी नमुन्यात जावयाला बसवून पाहिलं तर खरंच चाळीस भरले. म्हणून त्यांनी जावयाला उठवलं आणि लाकडी नमुने बनवणाऱ्या सुतारदादांना बोलावलं. दादा वाकून, कुंथत मागच्या सीटवर शिरले, टेकले, आणि तोंड वाकडं केलं.

"बाई, गादी घालायची राहिली का?"

गादी घातली होती, पण कापून अर्धी केलेली. जावई जड. तो त्या पातळ फोममधून थेट खालच्या पत्र्यावर जाऊन बसत होता आणि त्याचं डोकं बरोबर अठरा मिलिमीटर खाली येत होतं. दादांचे गुडघे हनुवटीला लागले होते. पाच मिनिटं कशीबशी काढून त्यांनी पत्रा टोचत असलेली कंबर सावरायला अंग ताठ केलं, आणि डोकं काचेला टक्कन लागलं.

"गाडी तर उभीच आहे की," दादा डोकं चोळत म्हणाले.

बैठकीत बाईंनी हे सगळं सांगितलं. विभागप्रमुखांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते सगळंच शांतपणे ऐकत, म्हणून तर विभागप्रमुख झाले होते. "पण जावई पास झाला ना?" ते म्हणाले. "नियमात जावई आहे, सुतार नाही."

"जावयाला मान नाही साहेब. दांडा आहे."

"कूपेत मागे बसतं कोण, बाई?" महर्षी म्हणाले. "पिशवी. कोट. फार तर एखादं लहान मूल."

"मग सीट कशाला करता? खुंटी करा."

"चार आसनी म्हटलं की गाडी जास्त विकते," विक्रीप्रमुख म्हणाल्या, आणि विषय संपला. म्हणजे बसायला कोणी नको, पण बसायची जागा हवी. हसावं की रडावं कळेना. विभागप्रमुखांनी शुक्रवारपर्यंत सही मागितली आणि जाता जाता म्हणाले, "मागच्या वेळी समजूतदारपणा दाखवला होतात. तसाच दाखवा."

ते 'मागच्या वेळी' बाईंच्या वर्मी लागलं.

मागची वेळ अकरा वर्षांपूर्वीची. तीही कूपेच, तेव्हा चौदा मिलिमीटर कमी होते. बाई महिनाभर भांडल्या, दमल्या, आणि सही करून मोकळ्या झाल्या. गाडी गाजली. धाकट्या भावाने हौसेने घेतली, 'माझ्या ताईच्या कारखान्याची' म्हणून. पुढे तो आणि त्याची बायको, मागे आई. एका गतिरोधकावर गाडी उडाली आणि आईचं डोकं काचेवर आपटलं. जिवावर बेतलं नाही, पण तेव्हापासून आईची मान डावीकडे वळत नव्हती. डावीकडून कोणी हाक मारली तर ती आख्खी वळायची. घरात तिच्याशी बोलायचं तर उजवीकडे जाऊन बसायचं, हे आता लहानथोरांच्या अंगवळणी पडलं होतं.

आणि दोष भावाच्या माथी. हळू चालवायला काय झालं होतं, असं सगळे म्हणाले, तोही स्वतःला तेच म्हणाला. तेव्हापासून तो गतिरोधक दिसला की गाडी जवळजवळ थांबवायचा, मागचे भोंगे वाजवायचे, हा शिव्या खायचा. बाईंनी हे सगळं पाहिलं आणि मूग गिळून गप्प बसल्या. दुसऱ्यांच्या डोक्यासाठी जगाशी भांडणारी बाई स्वतःच्या घरात एक वाक्य बोलली नाही. या एका गोष्टीची त्यांना लाज वाटायची, आणि लाज वाटली की त्या महर्षींवर आणखी चिडायच्या.

गुरुवारी संध्याकाळी त्या आईकडे गेल्या, सवयीने उजव्या बाजूला बसल्या. भाऊ खुशीत होता. "ताई, तुमची नवीन कूपे येतेय म्हणे. जुनी देऊन टाकतो आणि तीच घेतो. कशी आहे गं?"

"दिसायला छान आहे."

"झालं तर मग. आई, चालेल ना?"

"मला काय रे," आई म्हणाली. "मी आपली मागे बसणार. पुढे सूनबाई बरी."

बाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. उद्या सही केली तर वर्षभराने ही पुन्हा मागे बसणार, आणि आता चौदा नव्हे, अठरा.

"आई, तुझी मान याच्यामुळे नाही गेली," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे गेली. त्या गाडीत मागे डोक्याला जागा कमी होती. मला माहीत होतं. मी सही केली."

भाऊ म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी गतिरोधकावर लोकांच्या शिव्या खातोय, त्या..." आणि वाक्य तसंच टाकून उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

आईने मात्र शांतपणे कप खाली ठेवला.

"तुला कामावर कोणी जबरदस्तीने सही करायला लावलं असेल, ते मला कळतं," ती म्हणाली. "पण मला सांगायचं तरी होतंस. मी पुढे बसले असते."



शुक्रवारी बैठकीआधी त्या सहीचा कागद समोर घेऊन बसल्या. चोवीस वर्षांत हजारदा पाहिलेला कागद. खाली एक रकाना होता, 'वापरणाऱ्यास सूचना'. कारखान्याच्या नियमाप्रमाणे त्यात जे लिहिलं जाईल ते जसंच्या तसं गाडीच्या पुस्तिकेत छापायचं आणि दाराच्या चौकटीवर चिकटवायचं. तो रकाना कोणी कधी भरला नव्हता. सगळे त्यात आडवी रेघ मारत. बाईसुद्धा मारत, कारण त्यांचं सगळं लक्ष वरच्या आकड्यावर. आकडा बदलायचा किंवा सही अडवायची, तिसरं काही असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी लिहिलं: 'मागच्या सीटवर दीड मीटरपेक्षा उंच व्यक्तीने बसू नये. डोकं काचेवर आपटून मानेला इजा होऊ शकते.' खाली सही केली.

विभागप्रमुखांनी सही पाहिली, चेहरा खुलला, आणि कागद पुढे सरकवला. विक्रीप्रमुखांनी तो पूर्ण वाचला.

"हे काय आहे?"

"सूचना."

"ही दारावर लागणार? गिऱ्हाईक दार उघडणार आणि पहिल्यांदा हे वाचणार?"

"हो. मोठ्या अक्षरात."

"असं कोणी लिहितं का, बाई?"

"मीही लिहिलं नव्हतं आजवर," बाई म्हणाल्या. "गाडी आहे तशी करा. माझी सही आहे. फक्त लोकांना सांगा, म्हणजे ज्याला त्याला आपल्या आईला पुढे बसवता येईल."

विभागप्रमुख समजूतदारपणाबद्दल काहीतरी बोलायला लागले. विक्रीप्रमुखांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हे वाक्य निघण्यासाठी काय करावं लागेल?"

"अठरा मिलिमीटर. आणि कापलेली गादी परत."

"छत वर घ्या," विक्रीप्रमुख महर्षींना म्हणाल्या.

महर्षींचा हात हवेत गेला. वाऱ्याचे साहेब म्हणाले की वेग घ्यायला एक दशांश सेकंद जास्त लागेल. विक्रीप्रमुख म्हणाल्या, लागू दे, दारावरच्या इशाऱ्यापेक्षा एक दशांश सेकंद विकणं सोपं आहे. मग महर्षींनी पेन्सिल घेतली, काचेची वरची कड जराशी मागे ओढली, छत एवढंसं उचललं, शेपटीवरची पट्टी थोडी लांबवली. वाऱ्याच्या साहेबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले की पट्टी एवढी असेल तर तो दशांशही बहुतेक भरून निघेल. चित्र पूर्वीइतकंच सुंदर दिसत होतं. बाईंना वाटलं, थोडं जास्तच.

"सुंठेवाचून खोकला गेला," विभागप्रमुख आनंदाने म्हणाले आणि सगळ्यांनी कागद गोळा केले.

बाई तशाच बसून राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा जिंकल्या होत्या आणि त्यांना संताप आवरत नव्हता. महर्षींचा नव्हे, या खोलीतल्या दुसऱ्या कोणाचाही नव्हे, स्वतःचा. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. कागद पुढे सरकवल्यापासून पाच मिनिटं झाली होती. अकरा वर्षांपूर्वीही पाचच लागली असती.