‘छान’ला बंदी असलेली बैठक

मधुकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी तंबोरा जुळवत होते असं लिहिलं असतं, तर वाचायला बरं वाटलं असतं. खरं म्हणजे मी मेथी निवडत होते. त्यांचा मुलगा फाटकाशी आला, आत न येताच म्हणाला, "वहिनी, बाबा गेले..." आणि तसाच परत फिरला. मी मेथी निवडतच राहिले. पानं काड्यांत जात होती आणि काड्या पानांत. शेवटी सासूबाईंनी माझ्यापुढचं ताट ओढून घेतलं, तेव्हा कुठं रडू फुटलं. काकांची तेरवी होऊनही आता काही आठवडे झालेत. धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत एका सरकारी कचेरीतले हेडक्लार्क एवढीच त्यांची ओळख होती. मी मात्र आज गाते ती केवळ या माणसामुळे, आणि हे त्यांच्या हयातीत मी त्यांना कधी नीट सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते "बरं बरं, अंतरा कच्चा आहे" असंच काहीतरी म्हणाले असते.

मी उमरेडची. शाळेत, गणपतीत, कुणाच्या डोहाळजेवणात, जिथं म्हणून कुणी ‘म्हण’ म्हणालं तिथं मी गायले. लग्न होऊन नागपूरला आले आणि हौसेनं रेडिओची चाचणी दिली. नापास झाले. त्याचं फारसं काही वाटलं नाही असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि मनाशी ठरवून टाकलं की आता गाणं बंद. आमचे हे म्हणाले, "बंद करायचंच असेल तर कर. पण आधी एक टेप मधुकाकांना ऐकव." ह्यांनी मित्राचा टेपरेकॉर्डर आणला, माजघरात बसून मी एक अभंग म्हटला आणि ती कॅसेट घेऊन, घाबरत घाबरत, रविवारी सकाळी काकांच्या पुढच्या खोलीत गेले.

ती बैठक म्हणजे अजब प्रकार होता. चार-पाच हौशी मंडळी घरी भरलेल्या कॅसेट घेऊन यायची. एकेक टेप अथपासून इतिपर्यंत ऐकायची, मध्ये ‘वा’ नाही की मान हलवणं नाही. टेप संपली की प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची... आपलं ध्यान कुठं सुटलं. ‘छान’ या शब्दाला त्या खोलीत बंदी होती. "छान म्हणायले अक्कल लागत नाही," काका म्हणायचे. "राग वळखता नाही आला तरी चालते, पण कंटाळा कुठं आला ते तर साऱ्यांलेच समजते." आणि गाणाऱ्यासाठी आणखी एक जाच. मंडळी बोलायला लागली की कुसुमकाकू त्याच्या हातात कडक गरम चहा द्यायच्या, आणि तो संपेपर्यंत त्यानं अवाक्षर काढायचं नाही. बशीत ओतून लवकर उरकायलाही परवानगी नव्हती. दिवसभर कचेरीत लोकांच्या मसुद्यांवर लाल शाई चालवायची आणि सुट्टीच्या दिवशीही तेच... माणसाला दुसरा धंदा नाही का, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

माझी टेप लागली. एकाचं ध्यान इथं सुटलं, दुसऱ्याचं तिथं. काकांनी टेप मागं नेली, पुढं नेली, पुन्हा मागं नेली. मग म्हणाले, "आयका. हे भांडं वाजलं... अन् इथंच पोरीचा आवाज दबला. हे दुसरं भांडं... पुन्हा दबला. स्वयंपाकघरात कोण होतं वं?"

मला ठसकाच लागला. स्वयंपाकघरात सासूबाई होत्या. संताप असा आला की कप तिथंच ठेवून निघून जावं. गाणं ऐकवायला आणलं होतं, घरचा पंचनामा करायला नाही! पण चहा संपायचा होता. फुंकर घालत, घोट घेत बसले, आणि त्या फुंकरीबरोबर राग कसा उतरत गेला ते मलाही कळलं नाही. कप रिकामा झाला तेव्हा तोंडून निघालं ते इतकंच, "काका, घरी मोठ्यानं गायची मले भीती वाटते." सासूबाईंनी मला कधी मनाई केली नव्हती. मी नवी नवरी असताना एकदाच त्या म्हणाल्या होत्या, "हळू म्हण वं, रस्त्यावर आयकू येते." तेवढं मला पुरलं होतं. रेडिओच्या त्या बंद खोलीतही मी हळूच गायले असणार.

"मंग तुह्या गळ्याले काही झालं नाही," काका म्हणाले. "तुले गुरू नको, सासू पाहिजे."

दुसऱ्याच दिवशी ते आमच्याकडे हजर. सासूबाई पारशिवनीकडच्या, डोक्यावरून पदर, बोलणं मोजकं. त्यांना म्हणाले, "वहिनी, रविवारी मशीनचं बटन दाबायले माणूस नाही मिळून राहिला. तुम्ही येता का?" सासूबाईंनी आयुष्यात टेपरेकॉर्डरला हात लावला नव्हता. पण शेजारच्या भाऊजींना नाही कसं म्हणणार?

मे महिन्यातला रविवार होता, आणि या खेपेला माझी टेप काकांच्याच खोलीत भरायची होती. रेकॉर्डिंग म्हणजे कूलर बंद, खिडक्या बंद. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करून बसणं म्हणजे काय, ते पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगून कळायचं नाही. सासूबाई मशीनपुढं अशा बसल्या होत्या, जशा काही दुधावर लक्ष ठेवून आहेत. काकांनी मला बरोबर त्यांच्यासमोर बसवलं, हातभर अंतरावर. दबायचं कुणापासून, लपायचं कुठं? पहिलं कडवं दबकतच म्हटलं. मग काय झालं कोण जाणे, मी गायले. उमरेडला गात होते तशी, मोकळ्या गळ्यानं गायले. संपलं तेव्हा मला स्वतःलाच माझा आवाज ओळखीचा वाटला.

काकांनी टेप मागं नेऊन लावली. नुसती खरखर. पुढं नेली, पुन्हा खरखर. दोन बटनं एकदम दाबायची असतात, सासूबाईंनी एकच दाबलं होतं. "पण चाकं तर फिरून राहिली होती!" त्या म्हणाल्या आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला रडायला यायचं बाकी होतं. असं गाणं पुन्हा जमेल की नाही, आणि त्याचा मागमूसही नाही...

काका मात्र रागावले नाहीत. त्यांनी मशीन उचलून बाजूला ठेवलं. "जाऊ द्या. टेप नाही तर नाही. तुम्ही तर आयकलं ना, वहिनी? तुमचं ध्यान कुठं सुटलं?"

सासूबाईंना गाण्यातलं मत आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्यात मले माह्या मायची आठवण आली. मंग पुढचं काही मी आयकलं नाही, भाऊजी."

काकूंनी माझ्या हातात चहा दिला, पण तो प्यायची तशी गरज नव्हती. त्या दिवसापासून मी रियाजाला बसले की आमच्या स्वयंपाकघरात भांडं वाजेनासं झालं. पुढं चाचणीही पास झाले आणि ते गल्लीभर सांगत फिरल्या त्या सासूबाईच.

काका दुसऱ्यांना सोलत आणि स्वतः नामानिराळे राहत, असं कुणी समजू नये. ते व्हायोलिन वाजवायचे आणि त्यांचीही टेप बैठकीत लागायची. एकदा सासूबाई, ज्या आता दर रविवारी हक्कानं यायच्या, सगळ्यांदेखत म्हणाल्या, "भाऊजी, माहं ध्यान तर सुरुवातीलेच सुटते." काकांनी चहा हातात घेतला, शेवटच्या घोटापर्यंत सावकाश प्यायले आणि म्हणाले, "सुरुवात लांबवून राहिलो मी. बरोबर आहे." पुढच्या रविवारी तीच धून निम्म्या लांबीची करून आणली, आणि खरंच ती बांधेसूद झाली होती. मोठेपणा मिरवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. चूक ऐकून घेताना चेहरा इतका स्वच्छ ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तेरवीच्या दिवशी त्याच खोलीत कुसुमकाकूंनी मला अभंग म्हणायला सांगितलं. मी म्हटला. पाहुणे डोळे पुसत होते. "छान म्हटलंत." "फार छान..." एकेक जण येऊन सांगत होता, आणि त्या खोलीत तो शब्द ऐकताना मला पहिल्यांदा खरंखुरं पटलं की काका आता नाहीत. यापुढं मला सगळे छानच म्हणणार. कुणी काही शिकवणार नाही, कुणी रागही आणणार नाही.

तेवढ्यात भिंतीशी बसलेल्या सासूबाई बोलल्या. आता ऐकू कमी येतं, म्हणून आवाज मोठा.

"पहिल्या ओळीपासून तूच रडून राहिली होती वं. मंग आम्ही काय करावं?"

पाहुणे चपापले. कुसुमकाकू मात्र हसल्या, काका गेल्यापासून पहिल्यांदाच.

"पुन्हा म्हण," सासूबाई म्हणाल्या.

मी पाणी प्यायले, डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.