आपोआप घट्ट होणारा रस्सा

झाकण उचललं आणि माझा हात तसाच वर राहिला. रस्सा घट्ट झाला होता.

तुम्ही म्हणाल, झाला तर झाला, त्यात काय एवढं? पण मी अर्धं आयुष्य हॉस्पिटलच्या डाएट किचनमध्ये पातेल्यांवर पहारा करण्यात घालवलंय. पळीवरून रस्सा कसा उतरतो यावरून त्यात काय पडलंय ते मला कळतं. हा रस्सा मी स्वतः केला, चुलीच्या निखाऱ्यांवर ठेवला आणि हातपाय धुवायला समोरच्या अंगणात गेले. जाताना त्याची पळीवरून सरळ धार पडत होती. परत आले तर तो अडखळत, गोळा धरून पडायला लागला. तांदूळ घातलेला रस्सा गार झाला की आळतो, हे मलाही माहीत आहे. पण हा गार नव्हता. वाफ निघत होती.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. मागच्या दाराची कडी मी लावून गेले होते. ती उघडी होती. आणि दोनच बायका राहत असलेल्या त्या घरात विडीचा वास येत होता.

अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटली. भुताखेतांच्या गोष्टी मी लहानपणापासून चवीने ऐकत आलेय, पण आजवर कुठल्या भुताने माझ्या स्वयंपाकात हात घातला नव्हता.

मी तिथे कशी पोचले ते सांगते. चंद्रपूरच्या आमच्या हॉस्पिटलात रोशनी नावाची मुलगी वारंवार ॲडमिट व्हायची. मूल गावाहून सावली गावाकडे जाताना आत एक खेडं लागतं, तिथली. वनरक्षक भरतीची तयारी करत होती. धावायला सगळ्यांच्या पुढे असायची, ती आता जिना चढताना कठडा धरायला लागली होती. तिला सिलिॲक नावाचा आजार निघाला. गव्हात ग्लुटेन असतं. कणकेचा गोळा नळाखाली धूत राहिलात तर शेवटी रबरासारखं काहीतरी हातात उरतं, ते हे. आपल्याला त्याचं काही नाही. सिलिॲकच्या पेशंटच्या आतड्याला मात्र ते चिमूटभरही चालत नाही. आतडं बरं होईपर्यंत दूधही बंद ठेवलं. मटण-अंडी तिने आधीच सोडली होती. तिचे वडील नामदेवभाऊ मोहफुलं वेचायला गेले आणि वाघाने धरले. शोधायला गेलेल्या लोकांत ती होती. त्यानंतर तिने मांसाला हात लावला नाही.

म्हणजे आमच्या भाषेत पेशंट वीगन आणि ग्लुटेन-फ्री. तिच्या आईच्या, वच्छलाबाईंच्या भाषेत, "गहू नाई, दूध नाई, तूप नाई, अंडं नाई. मंग हवा खाईन का पोरगी?"

"हवा काऊन खाईन? रस्सा खाईन," मी म्हटलं आणि त्यांच्या घरी जाऊन त्यांना रस्सा शिकवला. हॉटेलात ग्रेव्हीला दाटपणा येतो तो मैद्याने नाहीतर क्रीमने. आपल्याला दोन्ही वर्ज्य. म्हणून कांदा निखाऱ्यात भाजायचा, वरची काळी सालं काढायची. सुकं खोबरं, धणे आणि जवस कोरडंच भाजायचं, सगळं पाट्यावर वाटायचं. भिजवलेला तांदूळ त्याच पाट्यावर गंधासारखा वाटून शेवटी सोडायचा. जवस आणि तांदूळ मिळून रस्सा असा धरून ठेवतात की मैद्याची आठवणही येऊ नये. हिंगाची डबी मात्र मी उचलून बाहेर दिली. बाजारच्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. घर धानपट्ट्यातलं. दोन्ही वेळ भात. गव्हाचा दाणासुद्धा नाही. मी खुशीत परतले.

रोशनी पुन्हा ॲडमिट झाली.

"डाएट तुमचाच ना, मॅडम?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"माझाच."

"मग रेसिपीत घोळ आहे."

"सर, रेसिपीत नाही. घरात आहे."

"तर घरी जाऊन राहा. मला रिपोर्ट नको, कारण पाहिजे. आता आतडं सावरलं नाही तर भरती वगैरे विसरा, ही मुलगी हातची जाईल."

म्हणून मी त्या घरात होते. गावातलं शेवटचं घर. मागे तणसीचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा ढीग, त्यामागे धानाची रिकामी बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, आणि बांधीच्या पलीकडे जंगल. कापणी झालेली, त्यामुळे मधे आडोसा काही नाही. जंगल सरळ मागच्या दाराकडे बघत असायचं. दिवस मावळायच्या आत सगळं गाव दारं लावून घ्यायचं. वाघाची भीती होतीच, पण या घराबद्दल लोक आवाज खाली करून बोलायचे. दुकानदाराने मला विचारलं, "तुमी तिथी राहून राह्यले काय, बाई? सांभाळून जा. नामदेव अजून गेला नाई म्हनतेत."

तर तो घट्ट झालेला रस्सा. मी पळीने तळ ढवळला. काहीतरी पांढुरकं वर आलं. बोटाच्या पेराएवढा तुकडा, त्यावर तपकिरी डाग. मी तो वाटीत पाण्याखाली चोळला. पीठ निघून गेलं आणि उरलं ते ताणलं तर ताणलं जात होतं. पोळी! ज्या घरात गहू नाही, त्या घरातल्या, मी केलेल्या, झाकून ठेवलेल्या रश्श्यात पोळी.

वच्छलाबाई सरपण घेऊन आत आल्या. मी वाटी पुढे केली.

"बाई, घरात गहू आहे?"

"देवाशपथ नाई. पाहून घ्या डबे."

डबे मी पाहिलेच होते. बाई खोटं बोलत नव्हत्या, पण त्यांनी वाटीकडे पाहिलंही नाही. मी तो रस्सा ओतून दिला आणि रोशनीला पेज दिली. ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. हातात बळ नव्हतं, वाटी दोन्ही हातांनी धरली होती.

"मॅडम, एक सांगू? हसू नोका."

"मी हसत नाही. फार तर नंतर दुसऱ्यांना सांगते."

ती जराशी हसली. मग म्हणाली, "मागच्या दाराशी बाबाचा आवाज येते. म्हंजे बाबा बोलत नाई, बाबाशी कोनी बोलल्यासारखा. विडीचा वास येते. आई म्हनते तुले भास होऊन राह्यले. पन मले वाटते, बाबा मले बलावून राह्यले. मी बरी होऊनच नाई राह्यली, तं असनच ना काई?"

हे मात्र मला नको होतं. ग्लुटेन आतड्यातून काढता येतं. मेलेला बाप बोलावतोय असं एकदा मनात बसलं की ते काढायला आमच्या किचनमध्ये काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवा रस्सा केला, निखाऱ्यांवर ठेवला आणि मोठ्याने जाहीर केलं, "मी जरा दुकानापर्यंत जाऊन येते!" चपला वाजवत समोरून निघाले आणि घराला वळसा घालून तणसीच्या ढिगामागे जाऊन बसले. माझ्या आकाराच्या बाईने असं लपणं हा स्वतःच एक देखावा असतो, पण बघायला कोणी नव्हतं. निदान माणूस तरी नव्हता.

दिवेलागण झाली होती. बांधीवरून थंडी सरकत येत होती. रातकिडे ओरडत होते आणि मग एकदम थांबले. सगळे एकदम, कोणी हात वर करून थांबवल्यासारखे. मागच्या दाराची कडी निघाली.

आधी बाहेर आली पुरुषी चपलांची जोडी. कोणीतरी ती पुसून उंबऱ्याबाहेर ठेवली, टाचा घराकडे, पुढचं टोक जंगलाकडे. मग एक पाट. मग पाण्याचा लोटा. एक विडी पेटली, तिचं लाल टोक कट्ट्यावर टेकलं आणि तिथेच धुमसत राहिलं. विडी ओढणारं कोणी नव्हतं. पाटावर कोणी नव्हतं. पाटासमोर वाफाळता वाडगा होता.

"आज जवसाचा हाय," एक आवाज हळूच म्हणाला. "चंद्रपूरच्या बाईनं केला. तुमाले आवडन."

वच्छलाबाई होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडली, त्यातून घडी केलेली पोळी काढली आणि वाडग्यात बारीक कुस्करली. पाटाकडे तोंड करून बसल्या. धानाचं बोलल्या, पोरीच्या तब्येतीचं बोलल्या. मधे थांबायच्या, मान हलवायच्या, जणू उत्तर आलं. पलीकडे अंधारात चितळ ओरडलं. चितळ असं ओरडतं ते काहीतरी दिसल्यावरच. बाईंनी तिकडे पाहिलं आणि पदर सारखा केला, पाहुण्यासमोर करावा तसा.

मग त्यांनी वाडगा उचलून कपाळाला लावला, आत गेल्या आणि तो जसाच्या तसा पातेल्यात ओतला.

मी तणस झटकत दारात उभी राहिले. बाई दचकल्या आणि ओरडल्याच. केसात तणस लावून अंधारातून आलेली मी त्यांना काय दिसले असेन, देव जाणे.

"पोळी कुठून आली, बाई?"

"शेजारून. रोज एक मांगून आनतो. घरात गहू नाई, खोटं नाई बोलली मी." त्या चुलीशी खाली बसल्या. "रोशनीच्या बाबाचं भातानं पोट भरे नाई. बल्लारपूरले कामाले होते, तिथल्या मेसमंदी पोळीची सवय लागली. घरी आले का पयलं पोळी मांगत. त्या दिवशी सकायी पोळी केली नोहती मी. मोहफुलं येचून येतो, मंग कर म्हनले. उपाशी गेले."

"आणि वाडगा परत पातेल्यात?"

"त्यायचं उष्टं फेकू काय? बापाचा आशीर्वाद हाय तो. पोरीच्या पोटात गेला तं तिले बळ येईन." त्यांनी डोळे पुसले. "पयले रोशनी रागावली होती, बाबा येत नाई म्हनली. म्हनून चोरून करतो."

मी त्यांना कणकेच्या गोळ्याची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी शेवटपर्यंत. पोळीचा एवढासा चुरा पातेल्यात गेला की पातेलंभर विष होतं, आणि ते रोज जात होतं. बाईंनी पातेल्याकडे पाहिलं.

"म्हंजे मीच पोरीले..."

"तुम्ही नाही," मी घाईने म्हटलं. "नामदेवभाऊंनी डाएट पाळला नाही. पुरुषांचं नेहमीचंच."

दारात रोशनी उभी होती. किती ऐकलं कोण जाणे. तिने आईकडे पाहिलं, बाहेरच्या चपलांकडे पाहिलं. मला वाटलं आता चिडेल. ती भिंत धरत आली आणि आईच्या शेजारी बसली.

"म्हंजे आवाज तुहा होता, आई? बाबा मले बलावत नोहते?"

"तुले कायले बलावतीन वं? माह्याच मांगं लागते तो मानूस, पोळी दे म्हनून."

आता प्रश्न उरला पोळीचा. "तांदळाची भाकर द्या," मी म्हटलं.

"नाई खानार ते. जिद्दी हायेत."

"मग मी बोलते त्यांच्याशी."

मी मागच्या दारात गेले. पाट तसाच होता. विडी अजून धुमसत होती. मी साडी सारखी केली आणि वॉर्डातल्या हट्टी पेशंटला बोलते त्या आवाजात म्हटलं, "नामदेवभाऊ, मी डाएट किचनची बाई. उद्यापासून पोळी बंद. पोरगी जगवायची असेल तर तांदळाची भाकर, तीच खायची. आणि उष्टं इथेच राहील, पातेल्यात जाणार नाही. समजलं?"

मागे रोशनी खुदकन हसली. बऱ्याच दिवसांनी, हे तिच्या आईचं तोंड पाहून कळलं. मीही वळून हसणार होते. पण तेवढ्यात विडीचं टोक एकदम लालभडक झालं, कोणी झुरका घेतल्यासारखं, आणि विझलं. वारा असेल. मला तरी लागला नाही.

पातेलं राखेने घासलं. पाटा उकळत्या पाण्याने धुतला. दुसऱ्या संध्याकाळी भाऊंसाठी भाकर कुस्करून वाडगा बाहेरच ठेवला. सकाळी तो पुसून घेतल्यासारखा रिकामा होता. "आवडली," बाई एवढंच बोलल्या. कुत्रं असेल, मी म्हटलं. तेव्हा रोशनीने सांगितलं की बिबट्यामुळे त्या बाजूला कुत्री उरलेलीच नाहीत. मी तो विषय तिथेच सोडला. माझं काम ग्लुटेनपुरतं.

रोशनी सावरली. आधी अंगण चालली, मग बांध, मग धावायला लागली. वनरक्षक भरतीत तिचं नाव निघालं, आता गडचिरोलीकडे जंगलात ड्यूटी करते आणि डब्यात रस्सा-भाकर नेते. डॉक्टरसाहेबांनी कारण विचारलं तेव्हा मी लिहून दिलं: क्रॉस-कंटॅमिनेशन, म्हणजे एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात जाणं. ते म्हणाले, "पण कोणाच्या ताटातलं?" मी म्हटलं, "वडिलांच्या." त्यांनी मान हलवली आणि सही केली. केस पेपरच्या पहिल्या पानावर 'वडील मृत' लिहिलेलं होतं, ते त्यांनी वाचलं नसावं.

तेव्हापासून नवा पेशंट आला की मी विचारते, घरात जेवायला कोण कोण असतं? नातेवाईक नावं सांगतात. मी लिहून घेते, पेन खाली ठेवते आणि विचारते, "आणि जे आता नाहीत, त्यांचं ताट कुठे वाढता?"

निम्मे लोक हसतात. उरलेले खुर्ची पुढे ओढतात.