म्हैस लांब होता कामा नये

ताणलेलं चित्र पाहून ज्याच्या तळपायाची आग मस्तकात जाते असा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा सख्खा मामा आहे. मला पत्रकं काढायची सवय कॉलेजपासून. रस्ता, पाणी, एसटीची वेळ, मी कशावरही कडाडून लिहितो. पण एवढा कडवा कार्यकर्ता मला चळवळीत भेटला नाही. मामांची मागणी एकच: पडदा कितीही रुंद असो, चित्राला त्याच्या मापाबाहेर ओढायचं नाही.

क्लासेसच्या गल्लीत मामांचं गेमिंग पार्लर आहे. तिथे त्यांचा लाडका मॉनिटर, किंचित वाकलेला, लांबच लांब, एकवीसास नऊ मापाचा, म्हणजे रुंदी एकवीस तर उंची नऊ. नव्या गेमना हे माप कळतं. त्या दोन्ही अंगांचं जास्तीचं मैदान उघडून दाखवतात. जुन्या गेम सोळास नऊच्या. त्या मधोमध बसतात आणि कडेला काळ्या पट्ट्या राहतात. पोरांना त्या पट्ट्या म्हणजे सरळ लूट वाटते. "मामा, पैशे पुरे घेतले, मंग पडदा अर्धा कावून? खेचा की!" मामा खुर्चीतून ताडकन उठतात. "खेचलं की चेंडूचं अंडं होतंय बे. अंड्यानं बॉलिंग करनार का तू?" मग शांत होऊन समजावतात, "हे बग, घराची खिडकी रुंद केली तर भायेरचं रान जास्त दिसलं पायजे. खिडकीसाटी म्हैस लांब होता कामा नये." नवी गेम आली की आधी सेटिंगमध्ये माप लावायचं, मग एखादं चाक दिसेपर्यंत गेम खेळायची, आणि त्या चाकावर मामीच्या डब्याचं झाकण धरून ते खरंच गोल आहे का ते बघायचं, हा त्यांचा रिवाज. तोवर गिऱ्हाईक ताटकळत उभं. मामी झाकण शोधत असते.

चौसाळ्याच्या एका लग्नात तर कहर झाला. मंडपातल्या मोठ्या पडद्यावर नवरानवरी आडवे पसरलेले दिसत होते. मामा भरल्या पंगतीतून उठले. यजमानांची पाचावर धारण बसली. मानपानात काही राहिलं असणार! नवरीचे चुलते टॉवेल-टोपी घेऊन मागे धावले. "पाव्हनं, चुकलं असंल तर पदरात घ्या." मामा पडदेवाल्याच्या वायरींत शिरत म्हणाले, "टोपी ऱ्हाऊ द्या. आधी नवरीला तिच्या मापात आना." नवरीची आई अजून आमच्याशी बोलत नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण गल्लीत समोरच नवं पार्लर निघालं. तिथे प्रत्येक गेम बिनदिक्कत ताणून पडदाभर देतात. पोरं तिकडे वळली. मामांच्या खुर्च्या रिकाम्या, मॉनिटरवर धूळ. मामी एकदा स्पष्टच म्हणाली, "आवो, दुकान चालवायचं का चित्रं राखायची? पडदा भरून द्या, न्हाईतर कुलूप लावा." मामांनी मॉनिटरवरची धूळ पुसायला घेतली.

मला राहवेना. मी रातोरात पत्रक लिहिलं: 'ताणलेलं चित्र ही ग्राहकाची उघड फसवणूक आहे!' वर मामांचा फोटो. छापखान्यातल्या माणसाने जागा मोकळी दिसते म्हणून तो कागदभर ओढला. मामांचे गाल दोन्ही समासांना टेकले. छापील गठ्ठा मामांच्या हातात देत मी म्हणालो, "मामा, लढा तत्त्वाचा आहे, चेहऱ्याचा नाही." मामांनी गठ्ठा परत माझ्या हातात ठेवला. "भाच्या, ज्याला माजं तोंड जाग्यावर ठिवता येईना, त्यो माजी बाजू काय मांडनार?" चळवळीत मला इतकं नेमकं कुणी झापलेलं नाही.

नंतर एक दिवस गेलो तर मामांचं पार्लर गच्च भरलेलं. आत आरडाओरडा, शिट्ट्या. लांब मॉनिटरवर जुनी क्रिकेटची गेम कडेपासून कडेपर्यंत ताणलेली, आणि जाडजूड खेळाडू डुलत डुलत पळताहेत. मामी हसतमुखाने पोरांना जागा दाखवत होती. मामा बाहेर पायरीवर बसलेले, दाराकडे पाठ करून.

"मामा, माघार घेतली तुम्ही?" मी भडकून विचारलं.

"मामी लई दिवसांनी हसली," ते म्हणाले. "तू बस."

मी बसलो. समोर गल्ली होती. क्लास सुटलेली पोरं, वळणावर अडकलेली रिक्षा, तिला शिव्या देणारा भाजीवाला, तुंबलेली गटार. गटारीवरचं ताजं पत्रक माझ्या पिशवीत होतं, आणि सांगायला तोंडात चार वाक्यं तयार होती. मामा मात्र त्या सगळ्याकडे डोळे निववून बघत होते.

"हितं बरंय," ते हळूच म्हणाले. "हितलं अजून कुनी खेचलं न्हाई."

मी पिशवी पायाशी ठेवली आणि गटारीबद्दल काही बोललो नाही.