सायबुआ मावशींचं हिरवं रबर

थायलंडमधल्या आमच्या उथाई थानीच्या सकाळच्या बाजारात सायबुआ मावशी तीस वर्षं नारळाच्या दुधाचे आप्पे विकतायत. वय सत्तावन्न, आवाज नदीपलीकडच्या देवळात पोचेल असा. त्यांनी दातांना तारा लावून घेतल्या, तेव्हा सगळा बाजार त्यांच्या तोंडाकडे बघायला लोटला.

"मावशी, तिसरा नवरा बघताय वाटतं?" मासळीवाल्या चामनोंगने विचारलं.

"दोघांनी पोट भरलं बाई. आता जरा चावून खायचंय."

दुखणं चावण्याचंच होतं. दात मिटले की वरचे पुढचे दात खालच्यांना पार झाकून टाकत आणि खालचे थेट टाळूत रुतत. तिथली जखम कधी भरतच नसे. असंच चाललं तर साठीच्या आत वरचे दात हलायला लागतील, असं दातांची डॉक्टर ख्वान म्हणाली होती. बहिणीचे कवळीपायी झालेले हाल मावशींनी पाहिले होते. त्या घाबरल्या.

माझी मुलगी नाम्पिंग त्याच दवाखान्यात तारा लावून घेत होती, त्यामुळे दर महिन्याला आम्ही एकाच बाकावर. मला नाम्पिंगच्या जबड्याचा घोर, आणि मावशींना तारांवरच्या रंगीत कड्यांचा. या कड्या दर महिन्याला बदलतात. आमच्याकडे प्रत्येक जन्मवाराला एक रंग शुभ असतो, एक वर्ज्य. मावशींचा जन्म शनिवारचा, आणि शनिवारवाल्यांना हिरवा रंग वर्ज्य. त्या हिरव्या गाडीतूनसुद्धा जात नाहीत. भाजी तेवढी खातात.

सातव्या महिन्यात डॉक्टरने त्यांना वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत ताणून लावायची बारीक रबरं दिली. जेवण सोडून दिवसरात्र लावायची, रोज नवी. पाकिटावर ससा होता. आत रबरं हिरवीगार.

पुढच्या खेपेला डॉक्टरने पट्टी लावून मोजलं. दात जागचे हलले नव्हते.

"मावशी, रबरं लावता ना?"

"लावते की. झोपतानासुद्धा."

"मग अवघड आहे. एवढ्यानेही सरकत नसतील, तर जबड्याच्या ऑपरेशनसाठी बँकॉकला पाठवावं लागेल."

मावशींचा चेहरा आप्प्याच्या पिठासारखा पांढरा झाला. पाकीट खणात जसंच्या तसं पडलंय, हे त्यांनी मला बाकावर बसल्या बसल्या सांगितलं होतं. मी खुर्चीशेजारीच उभी होते; मला राहवेना.

"त्यांनी एकही लावलेलं नाही. हिरवी आहेत म्हणून."

"चुगलखोर!" मावशी खुर्चीत उठून बसल्या. "आणि हिने पोरीच्या जांभळ्या कड्या काढायला लावल्या, त्या कशाला? पोर गुरुवारची म्हणूनच ना?"

खरं होतं. माझ्याकडे विद्यापीठाची पदवी आहे, तरीही खरं होतं.

डॉक्टरने कपाट धुंडाळलं. त्याच ताणाची दुसऱ्या रंगाची रबरं यायला महिना लागणार होता, आणि टाळू तर आताच लाल झालेली. ती स्टूल ओढून मावशींसमोर बसली.

"मावशी, शनिवारी कोण जन्मलं?"

"मी."

"तेव्हा तोंडात दात होते?"

"तान्ह्या बाळाला कुठले दात, वेडे?"

"हे तर दुधाचे पडल्यावर आलेले, सहा-सात वर्षांनी. म्हणजे यांचा वार वेगळा."

मावशी बोटांवर वार मोजायला लागल्या.

"बुधवारी आले," त्या शेवटी म्हणाल्या. बुधवारचा रंग हिरवा.

"नक्की?"

"माझे दात, मला ठाऊक नसणार?"

दुसऱ्या दिवसापासून हिरवी रबरं चढली. एकदा घासाघीस करताना त्यातलं एक तुटून उडालं ते थेट गिऱ्हाइकाच्या चष्म्यावर. मावशींनी त्याला दोन आप्पे जास्त घातले आणि लगेच नवं रबर लावलं.

पाच महिन्यांनी डॉक्टरने त्यांच्या हातात आरसा दिला. "दात मिटा. आता हसा."

वरच्या दातांखाली खालच्या दातांची एक ओळ डोकावत होती. मावशींनी टाळूवरून जीभ फिरवली, पुन्हा फिरवली. जखम नव्हती. मग आरसा जवळ घेतला.

"हे खालचे कुणाचे गं?"

"तुमचेच."

"इतके पिवळे? झाकलेले होते तेच बरं होतं."

असं म्हणाल्या खऱ्या, पण बाजारभर दात मिटून, ओठ फाकून चालल्या होत्या. चामनोंगने मासे सोडून हाक मारली, "मावशी, पोटात दुखतंय का हो?"