सिस्टर शिवलीला खरं बोलली

मुरगूडची शिवलीला १९९२ साली जिल्ह्याच्या शहरात, मंगळवार पेठेतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स म्हणून लागली. चार वर्षांनी तिचे वडील प्रभुलिंग तिथंच दाखल झाले. पोटाचा कॅन्सर होता. मोठ्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. "त्यांना अल्सर म्हणूनच सांगा. खचतील." तिनं तसंच सांगितलं.

"बरा झालो की निपाणीला भावाकडं जातो. बारा वर्षं बोललो न्हाय त्याच्याशी," वडील दीड महिना म्हणत राहिले. काका आले ते त्यांच्या मातीलाच.

२००७ साली दवाखान्यात कॅमेरा जोडलेला मोठा पडदा बसला. त्यावरून पुण्याच्या एक बाई दर गुरुवारी डॉक्टरांना शिकवायच्या, बरा न होणारा आजार रोग्याला कसा सांगावा. सरावाला वॉर्डाच्या डॉक्टर राजवर्धननी शिवलीलेला रोगी म्हणून बसवलं. खुर्ची जवळ ओढून विचारलं, "आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" आणि गप्प राहिले. तिला रडू फुटलं.

"असंच थांबायचं," पडद्यावरच्या बाई खूश झाल्या.

पुढच्याच आठवड्यात चिमणाबाई आल्या. जोतिबाच्या डोंगरावर नारळ-गुलाल विकणाऱ्या. रिपोर्ट वाईट होते. डॉक्टर राजवर्धन खाटेच्या पायथ्याशी उभे राहून मुलांना म्हणाले, "दोन-चार दिवसांत घरी न्या. मागतील ते खायला द्या." म्हातारी काही विचारत होती, तोवर ते पुढच्या खाटेकडं वळले.

तिनं शिवलीलेचा हात धरला. "मला काय झालंय ते तू तरी सांग की."

शिवलीला बसली. किती ऐकायचंय ते विचारलं आणि सांगितलं.

चिमणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लेकीला बोलवा. मनानं लगीन केलं म्हणून पोरांनी तोडलीया तिला."

लेक आली. दोन दिवस उशाशी बसली. तिसऱ्या दिवशी म्हातारी गेली, आणि मुलांनी दवाखाना डोक्यावर घेतला. "ह्या बाईनं आईचा धीर घालवला."

चौकशीत डॉक्टर राजवर्धन म्हणाले, "सिस्टरना मी सांगायला सांगितलं नव्हतं." ते खरंच होतं. शिवलीलेला वॉर्डातून काढून चादरींच्या खोलीत टाकलं. डॉक्टरांना त्या शिकवणीचं सर्टिफिकेट मिळालं. वर्षभरात तेच पडद्यावरून तालुक्याच्या डॉक्टरांना शिकवू लागले.

तिनं एकदा विचारलं, "साहेब, चिमणाबाईंजवळ का बसला नाहीत?"

"वॉर्डात चाळीस पेशंट असतात, सिस्टर. पडद्यावर एकच असतो."

२००९ साली राजीनामा देऊन ती मुरगूडला परतली. इंजेक्शनला, पट्टीला लोक अजून तिला बोलावतात. पण घरात कुणाचं जास्त झालं, की तिला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. "ती सांगून टाकती," म्हणतात.