चारठाण्याला माझी ओळख पटली

निजामाचं राज्य होतं तेव्हा आम्हा नगरकरांना मराठवाडा म्हणजे परमुलूखच. मनमाडला गाडी बदलली की स्टेशनांच्या पाट्यांवर उर्दू दिसू लागे, नाणी बदलत, आणि करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपाई तुमची ट्रंक उघडत. माझ्या ट्रंकेत कोळशाच्या कांड्या आणि कागद निघाले तेव्हा तिथल्या शिपायानं एक कांडी नाकाशी नेऊन पाहिली आणि परत ठेवली. मी शाळेत चित्रकला शिकवत होतो. दिवाळीच्या सुट्टीत परभणी जिल्ह्यातली जुनी देवळं पाहायची, त्यांची चित्रं काढायची, एवढाच बेत होता.

सेलूला उतरून बैलगाडीनं चारठाण्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पडकी देवळं गावभर विखुरलेली. कुठे घराच्या भिंतीत कोरीव खांब चिणलेला, कुठे गोठ्याच्या दारात हात तुटलेली मूर्ती. मला मात्र त्याहून विचित्र वाटली ती माणसं. पाणी घेऊन येणाऱ्या दोन बायका मला पाहून थबकल्या. एकीनं पदर पुढे ओढला, दुसरी नुसती बघत राहिली. पारावरचं बोलणं थांबलं. परक्या माणसाकडे लोक बघतात तसं ते बघणं नव्हतं.

किराणा दुकानाचा मालक बाहेर आला. चाळिशीचा, कपाळावर भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कुठून आलाव?"

"नगरहून. देवळं बघायला."

"म्हंजे इंग्रजी मुलखातून," तो हळू म्हणाला. "चला. मी येतो संगं."

त्यानं दुकानाची फळी लावली. आम्ही निघालो. मी रिकामं हिंडताना चालतो तसा चालत होतो. एका बोळात वळलो, पुढे ढासळलेल्या भिंतीतून वाकून पलीकडे गेलो, आणि समोर देऊळ उभं. मागे वळून पाहिलं तर तो दहा पावलं मागेच थांबला होता.

"ही वाट कुणी सांगितली तुमाला?"

"कुणी नाही. तुम्ही दाखवत होता ना?"

"मी तर मागंच हाय कवाचा," तो म्हणाला.

देवळात गार होतं. बाहेर एवढं ऊन असून आतल्या दगडाला हात लावला की गारठा कोपरापर्यंत चढे. वटवाघळांचा उग्र वास येत होता. एका खांबावर आरशात बघणारी बाई कोरली होती. तिचं नाक झिजून गेलेलं, पण डोळे शाबूत. मी तिच्यासमोर बसून कागद काढला. तासभर तरी काढत असेन. मधूनच वाटे, कुणीतरी खांद्यावरून वाकून बघतंय. वळलो की तो दुकानदार पार दाराशी उकिडवा बसलेला दिसे.

चित्र झाल्यावर तो जवळ आला. कागद बराच वेळ निरखून म्हणाला, "हिचा डावा कोपर तुमी वर काढलाय."

खरंच होतं. मूर्तीचा कोपर कमरेशी होता, माझ्या चित्रात तो छातीपर्यंत चढला होता.

तो मला गाभाऱ्याशेजारच्या अंधाऱ्या खोलीत घेऊन गेला आणि काडी ओढली. भिंतीवर कोळशानं तीच बाई काढलेली होती. माझ्या चित्राएवढ्याच आकाराची, त्याच बाजूनं पाहिलेली. डावा कोपर छातीशी. काडी विझली. दुसरी ओढायला मीच नको म्हणालो.

"माझ्या धाकट्या भावानं काढलं," अंधारातून त्याचा आवाज आला. "चित्र शिकाया तुमच्या मुलखात जातो म्हणून गेला. आठ वर्सं झाली. एक कागुद न्हाई की निरोप न्हाई. तुमी हुबेहूब त्याच्यावाणी दिसता. चालता बी तसेच."

बाहेर उन्हात आल्यावर त्यानं हात जोडले. "आई अंथरुणाला खिळलीया. घडीभर तिच्यापाशी बसा. बोलू नका काही, नुसतं बसा."

मला नाही म्हणवलं नाही. जायला नको होतं, हे कळत असूनही गेलो.

म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी बाजेच्या काठावर टेकलो. तिनं कूस बदलली, माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. तळव्यावरून, मग एकेका बोटावरून तिचा अंगठा फिरला. सून दारात उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला.

"हा आपला न्हाई," म्हातारी थोरल्याला म्हणाली. "बस म्हणावं पर. बसू दे."

मी मान खाली घातली. म्हटलं, "आई, मला माफ करा."

"तू कशापायी माफी मागायलास? त्यानं धाडलं, तू आलास." मग अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "गेला का रं तो?"

"मला ठाऊक नाही, आई."

"तुला कसं ठाऊक असंल," ती म्हणाली, पण हात सोडला नाही. तिला झोप लागेपर्यंत मी तिथेच बसून होतो.

त्या दिवशीच्या गाडीनं मी परतलो. बाकीची देवळं पाहिलीच नाहीत. नगरला आणि नंतर पुण्याला चित्रकलेच्या वर्गांतून चौकशी केली. त्या वर्णनाचा, त्या मुलखातला कुणी मुलगा आल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. तसं पत्र मी दुकानदाराला लिहिलं.

दोन महिन्यांनी त्याचं उत्तर आलं. आई गेली होती. मी निघून गेल्यावर संध्याकाळी ती उठून बसली होती, भाकरी मागून खाल्ली होती, आणि धाकट्यासाठी रोज वेगळं वाढायला लावायची ते ताट त्या दिवसापासून वाढू नका म्हणाली होती. "मातर एक इचारायचं हाय," त्यानं शेवटी लिहिलं होतं. "तुमी गेल्यावर मी देवळात जाऊन आलो. भिंतीवरचं चित्र पुसलेलं हाय. तुमी तर पुसलं न्हाई ना?"

नाही, असं मी उलट टपाली कळवलं. त्यावर त्याचं पत्र आलं नाही.